चार नावांचं एकच जहाज

प्रिय दादा,

तुझी तेरवी होऊन आठवडा झाला. मंडळी पांगली, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला. काल मी पुन्हा अकोल्याला बाबांकडे जाऊन आलो. तिथं काय झालं ते तुला कळवायला हवं, म्हणून हे पत्र. खरं तर रविवारचा विनोदी लेख लिहायला बसलो होतो. सुचेना.

तेरवीच्या पंगतीत बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगं हुशार होतं, पन कुठंच टिकलं नाही." मी शेजारीच होतो. मी काय केलं माहीत आहे? वाढणाऱ्याला वरण मागितलं.

वरण, दादा! गावभर तोंड चालवणाऱ्या माणसाला त्या वेळी एवढंच सुचलं.

बाबांचं तरी काय चुकलं? ज्या टेबलावर नोकरीला लागले त्याच टेबलावरून निवृत्त झालेला माणूस तो. त्यांना दर थोड्या वर्षांनी कळायचं की आयटीआय झालेला आपला फिटर मुलगा आता दुसऱ्याच जहाजावर आहे. आधी 'एलेनी', मग 'लकी नाइट', मग 'नूर', शेवटी ते कुठलंसं 'हार्बर इन'. चार जहाजं! त्यांच्या लेखी तू चारदा हाकलला गेलास.

आणि जहाज एकच होतं. पहिला मालक त्यातून बेटांवर माणसं नि मोटारी पोचवायचा. दुसऱ्यानं मोटारींच्या जागी जुगाराची टेबलं मांडली. तिसऱ्यानं ती उचलून यात्रेकरू भरले. जिथं पत्ते पिसले, तिथं नमाजाच्या चटया आल्या. चौथ्यानं ते बंदरात बांधून कामगारांचं लॉज केलं. जागचं न हलणारं जहाज! दर वेळी नवा रंग, नवा झेंडा, आणि खाली इंजिनात तोच पंप गळतोय आणि तूच पाना घेऊन उभा.

हे मला कसं ठाऊक? नाव पहिल्यांदा बदललं तेव्हा तूच फोनवर सांगितलं होतंस. "अबे विन्या, जहाज तेच हाये. रंगाखाली जुनं नाव वेल्डिंगचं हाये, तिरपं ऊन पडलं का दिसते. मालक जहाज विकते, त्याले मी काय करू? बाबाले सांगजो. तुह्यं ऐकते ते."

त्याच संध्याकाळी जेवताना मी बाबांना म्हणालो, "दादानं पक्ष बदलला!"

बाबा हसले रे. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मग कसं सांगणार होतो? आणि एकदा पिकलेला विनोद मी सोडतो होय? बाळापूरच्या मामांकडे वापरला, चांदूर बाजारच्या मावशीकडे वापरला. तो फिरत फिरत मूर्तिजापूरला तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांपर्यंत गेला. "आज याईचं, उद्या त्याईचं, अशा पोराले पोरगी देऊ नाही," असं म्हणून त्यांनी सोयरीक मोडली. मला वाटलं, अजून येतील स्थळं. आली का?

पण तूही काय माणूस! जहाज भंगारात गेल्यावर घरी आलास, दोन वर्षं बाबांच्याच छपराखाली राहिलास. एकदा तरी ओरडायचंस! गेल्या दिवाळीला तू "बाबा, ते जहाज..." म्हणून सुरुवात केलीस आणि मी मध्येच तोंड घालून म्हणालो, "कोणत्या पक्षाचं?" सगळे हसले. तू पाणी आणायला उठलास. परत आल्यावर क्रिकेटवर बोललास.

तुझ्या बॅगेत तुझी खलाशाची पुस्तिका सापडली. जहाजाची नावं चार, पण प्रत्येक नावापुढे जहाजाचा नंबर एकच. नाव मालकाच्या मर्जीनं बदलतं, नंबर जन्मभर तोच राहतो. काल तीच बाबांपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. एकेका आकड्यावर बोट ठेवून चारही ओळी ताडून पाहिल्या.

"एकच हाये," म्हणाले. मग, "तुले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"दुसऱ्या नावापासून."

रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मले सांगून आता काय होते? ज्याईले ज्याईले हासवलं, त्याईले सांगून ये."

थकलोय, दादा. माणसांना हसवायला एक वाक्य पुरलं होतं. हे सांगायला किती लागतील देव जाणे. पण सांगणार आहे. रविवारी बाळापूर, मग चांदूर बाजार, मग मूर्तिजापूर. मामा सवयीनं हसतील, मांडीवर थापही मारतील. त्यांचं हसणं संपेपर्यंत मी गप्प बसून राहीन आणि मग पुन्हा पहिल्या नावापासून सांगायला लागेन.

तुझा,
विनू