पालथं घमेलं

शनिवार, १२ मे १९७३

नवले सरांचा हुकूम आहे की शिबिरातल्या प्रत्येकाने रोजनिशी लिहायची आणि शेवटच्या दिवशी जमा करायची. सर्वांत चांगल्या रोजनिशीला शाईचं पेन बक्षीस. माझं पेन गळतं, त्यामुळे बक्षीस मलाच मिळायला हवं. सर, वाचत असाल तर एवढं लक्षात असू द्या.

सकाळी नगरहून एसटीने कर्जतला आलो आणि तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नऊ मैल. चाळीस पोरं एका ट्रॉलीत. सगळे बसलो होतो की एकमेकांवर रचले होतो, ते सांगता येणार नाही. गाणी म्हणून म्हणून घसे बसले. मी मूळचा श्रीरामपूरचा, कॉलेजसाठी गेल्या जूनमध्ये नगरला आलो. जिल्ह्याची ही बाजू आज पहिल्यांदा बघितली. आमच्याकडे कॅनॉलचं पाणी दारापर्यंत, आई रोज दोन बादल्या ओतून पायरी धुते. इथे टँकर चौथ्या दिवशी येतो आणि ऐंशी घरं त्यावर जगतात. हे ऐकल्यावर मी गुपचूप तोंडावर मारायला घेतलेलं पाणी परत तांब्यात ओतलं.

मुक्काम शाळेच्या दोन खोल्यांत आहे. माझ्या शेजारी गहिनीनाथने वळकटी टाकली. तो माझ्याच वर्गातला, पाथर्डीकडचा. आईबाप सहा महिने ऊसतोडीला जातात, हाही मॅट्रिकपर्यंत जायचा. कोयत्याने डाव्या हाताची अर्धी करंगळी घेतली, बाकी गडी धडधाकट. मला तो ‘पाटपाण्याचा’ म्हणतो. वर्षभर त्याच्या डब्यातली चटणी मी खाल्ली आहे, त्यामुळे ऐकून घेतो.

काम आहे गावच्या जुन्या विहिरीचं. पन्नास फूट खोल, बाजूने उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. तीस वर्षांपूर्वी खोदता खोदता काम सोडलं आणि वरून दगड-काटे टाकून बुजवली, असं कळलं. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. गावाने गेल्या महिन्यात दगड काढलेत, आता खालचा गाळ उपसायचा. दहा दिवसांत पाणी लावू, असं सरांनी भाषणात सांगून टाकलं आहे.

रविवार, १३ मे

अंग ठेचल्यासारखं झालंय. पण काम झकास चाललं आहे.

पायरीपायरीवर एकेक पोरगा उभा राहतो आणि भरलेलं घमेलं हातोहात वर जातं. तळाशी मी आणि गहिनीनाथ. तो टिकावाने उकरतो, मी फावड्याने भरतो. भरलं की तो डाव्या तळव्याने वरून एक थाप मारतो. गाळ दबला की वाटेत सांडत नाही, म्हणतो. त्या साडेतीन बोटं आणि अंगठ्याच्या ठशावरून वरच्या पोरांनाही कळतं की हे त्याचं घमेलं.

दुपारी दगडाबाई नावाची म्हातारी पाणी घेऊन आली. कपाळभर कुंकू, हातात चुडा, पण घरात एकटीच असते. विहिरीच्या काठावर बसून तिने आम्हाला एकच गोष्ट बजावली. काम थांबवून वर येताना तळाचं घमेलं पालथं घालून यायचं. उताणं ठेवलं तर काम अजून चालू आहे असा अर्थ होतो, आणि मग ते दुसरं कुणीतरी भरतं.

पोरं हसली. सर विज्ञानयुगावर पाच मिनिटं बोलले. म्हातारी उठून गेली. गहिनीनाथने मात्र खाली जाऊन घमेलं पालथं घातलं.

मंगळवार, १५ मे

आज मी एक पराक्रम केला. बारा वाजता जेवायची सुट्टी झाली, सगळ्यांत शेवटी मी वर आलो, आणि मुद्दाम घमेलं उताणं ठेवलं. वर येऊन पोरांना सांगितलं, आता बघू कोण भरतंय ते. टाळ्या पडल्या. सर मिशीत हसले.

दोन वाजता खाली उतरलो तर घमेलं काठोकाठ भरलेलं. आणि आजवर निघाला तसला कोरडा गाळ नव्हे, ओला काळा चिखल. वर थापेचा ठसा होता, रुंद पंजा, अंगठा मुळाशी वाकडा. मला वाटलं गहिनीनाथने माझी खोड मोडली. पण तो जेवताना माझ्या शेजारीच बसला होता, आणि ठशात पाचही बोटं पुरी होती, त्याच्या डाव्या हाताला तेवढी नाहीत.

पोरांपैकीच कुणाचा तरी चावटपणा असेल. पण ओलावा खरा होता. सरांनी चिखल नाकाशी धरला, पोरांनी जयघोष केला. घमेलं मीच उचलून वर नेलं आणि ढिगावर ओतलं.

गहिनीनाथ दिवसभर नुसता उकरत राहिला. संध्याकाळी म्हणाला की त्यांच्याकडे सावड असते. आज तुम्ही माझ्या रानात राबलात की उद्या मी तुमच्या. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. कुणी आपलं काम केलं आणि आपण ते घेतलं, तर त्याच्याकडे राबायला जावंच लागतं, त्यातून सुटका नाही. मी म्हटलं, मग चिखलाला सांग, माझ्याकडे ऊस तोडायला ये. तो हसला नाही.

बुधवार, १६ मे

काल सुटताना घमेली गहिनीनाथने पालथी घातली होती, मी डोळ्यांनी बघितलं. सकाळी तीन उताणी होती आणि भरलेली. तिन्हींवर तोच वाकड्या अंगठ्याचा पंजा.

दगडाबाई आली. तिने पहिल्या घमेल्यातल्या ठशावर आपला तळवा ठेवला आणि तसाच दाबून धरला. विचारलं, पहिलं घमेलं कुणी घेतलं? मी हात वर केला. बाकीचे मजेत होते, मला मात्र एकदम शाळेत पकडल्यासारखं झालं.

तिने तिथेच सगळं सांगितलं. तिचा नवरा बन्सी, वाकड्या अंगठ्याचा, विहिरी खोदायचा. ही त्यानेच खोदायला घेतली होती. त्याच्या जोडीदाराने एकदा घमेलं उताणं सोडलं, भरलेलं आलं, ते बन्सीने वर नेलं, आणि ओल लागली म्हणून गावाने आणखी घेतलं. एका दुपारी बन्सी खाली गेला तो वर आला नाही. प्रेत नाही, हाड नाही. म्हणून तिने कुंकू पुसलं नाही. घेतलेला चिखल आज परत आत टाका, म्हणाली, अजून वेळ आहे.

पण ढिगाभोवती गावातल्या बायका जमल्या होत्या. ओला चिखल कपाळाला लावत होत्या, पोरांच्या पोटावर थापत होत्या. तो परत आत टाका म्हणणार कोण? सर म्हणाले, म्हातारीचं दुःख समजतं, पण पाणी हाताशी आलं आहे. मी सरांच्या बाजूला उभा होतो.

गुरुवार, १७ मे

सात घमेली.

जेवायच्या पंगतीत गहिनीनाथ नव्हता. मी धावत विहिरीवर गेलो. तो तळाशी एकटाच उकरत होता. तीन हाका मारल्या तेव्हा वर बघितलं, आणि झोपेतून उठल्यासारखं बघितलं. तळाला जेमतेम ओल आहे, पण त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने लडबडलेले. अंग मात्र थंडगार, मे महिन्याच्या भर दुपारी.

सरांना म्हटलं, याला घरी पाठवा. सर म्हणाले, ऊन लागलं असेल, लिंबूपाणी द्या. घरी पाठवायचं तरी कुठे? त्याचे आईबाप कुठल्या फडावर आहेत ते त्यालाही माहीत नाही.

मी त्याला विचारलं, खाली का गेलास? दगडाबाईने त्याला सांगितलं आहे की पहिलं घमेलं घेणाऱ्यालाच बोलावणं येतं, पण त्याच्या जागी दुसरा गेला तरी चालतं. मग म्हणाला, “रंगा, तू पाटपाण्याचा. तुला न्हाई जमायचं.”

नेहमीसारखं चिडवल्यासारखंच म्हणाला. मला चिडता आलं नाही.

शुक्रवार, १८ मे

गहिनीनाथ नाही.

सकाळपासून मी त्याचा हात सोडला नव्हता. पोरं हसत होती तरी सोडला नव्हता. जेवायच्या वेळी सरांनी ताटं वाढायला बोलावलं. वाढायला किती वेळ लागतो? चार ताटंही वाढून झाली नसतील.

शेवटच्या पायरीवर त्याचा सदरा घडी करून ठेवलेला होता. तळ नुसता चिखलाचा, कुठे भोक नाही, भगदाड नाही. मी हातांनी उकरलं, टिकावाने उकरलं. शेवटी पोरांनी मला ओढून वर काढलं.

अकरा घमेली भरलेली होती. दहांवर वाकडा अंगठा. अकराव्यावर

डावा तळवा. अर्धी करंगळी.

सर म्हणतात कंटाळून घरी पळाला असेल. कर्जतला सायकलवरून माणूस पाठवला आहे. मी सरांना घमेलं दाखवलं. त्यांनी फावडं घेऊन स्वतःच ते ओतून टाकलं. माझ्याकडे न बघता.

शनिवार, १९ मे

पाणी लागलं.

एक मोठा झरा तळातून फुटला आहे. गावाने नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं. बायका रडत होत्या, पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं होतं. त्या गर्दीत दगडाबाई आली. कपाळ कोरं, हात मोकळे.

ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “माझा मानूस सुटला, लेकरा. तुझा अडकला. आता त्याची सावड कोन फेडनार?”

तिच्या तोंडावर दुःख नव्हतं. तीस वर्षांनी भाकरी खाल्लेल्या बाईसारखी दिसत होती. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला तो माझाच आला.

मी ढिगाकडे धावलो, चिखल परत आत ढकलायला लागलो. दोन घमेली टाकली असतील नसतील, गावकऱ्यांनी धरलं. कुणी मारलं नाही. उलट प्रेमाने धरलं, शाळेत नेऊन निजवलं, तळपायांना कांदा चोळला. ऊन लागलंय पोराला, म्हणाले. चांगली माणसं आहेत. त्यांना पाणी हवं आहे.

रविवार, २० मे

पाणी मांडीएवढं. मोटर बसवणार म्हणे. पायऱ्यांवर काटे टाकून वाट बंद करणार, पोरं खाली जाऊ नयेत म्हणून. उद्या शिबिर संपतं.

मग घमेलं घ्यायला खाली कुणीच जाणार नाही. आणि वर पाणी चढत जाणार. बन्सीला तीस वर्षांनी आम्ही भेटलो. गहिनीनाथला कोण भेटेल?

माणसाला माणूस.

फाट्यापर्यंत चालत गेलो होतो. खोटं का लिहू, पळूनच चाललो होतो. एसटी आली. कंडक्टरने दार उघडलं, विचारलं कुठे? मी मागे सरलो. गाडी गेली.

पाय धुतले नाहीत. तरी ओले आहेत. चिखल गुडघ्यापर्यंत —

सोमवार, २१ मे. दुपारी.

सगळे ट्रॉलीत बसलेत. गाणी ऐकू येतात. माझं नाव पुकारत असतील.

शेवटच्या कोरड्या पायरीवर आहे. घमेलं शेजारी ठेवलं. उताणं.

आई, पायरी धुताना —

नाही. नको.

पाणी हललं. घमेलं पायरीवर नाही आता. बुडालं? मी बघतच होतो तरी —

आलं वर. भरलेलं. अर्धी करंगळी. दोन हातांनी धरलं मी. घमेल्याच्या पलीकडच्या काठाला त्याचा हात अजून आहे. थंड. ओढत नाही. नुसता धरून आहे.

म्हटलं, सोड. माझी पाळी आहे.

सोडलं.

तो पायऱ्या चढतोय. सदरा नाही अंगात. मी हाक मारली. मागे वळला नाही. ऐकू गेलं नसेल — माझी हाक मलाच ऐकू आली नाही —

सुटला. गहिनी सुटला.

पाणी छातीशी. मी तर पायरीवरच होतो. पेन गळतंय. सर, बक्षीस नको मला.

खाली काम खूप आहे. संपतच नाही. आधीपासून कुणीकुणी राबलेत इथे. ठसेच ठसे —

हे एक भरलं. थाप मारली. ही वही घमेल्यातच वर ठेवतो, भिजायला नको. वर कुणाच्या तरी हाती लागेलच.

घ्या हो. एवढं एकच घ्या. तीस वर्षं मला नाही जमायचं. जो ही वही उचलेल त्याने —