उजव्या खांद्यावरचं फडकं

प्रिय घाईबाई,

या नावानं तुला हाक मारणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नसेल. ट्रे हातात आला की तुझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून भटारखान्यातल्या वस्तादांनी ते ठेवलं, आणि तू तोंड वाकडं केलंस म्हणून ते कायमचं चिकटलं. हे पत्र तुझी लेक तुला वाचून दाखवणार आहे, तसं तिनं कबूल केलंय. तेव्हा पोरी, तुलाही सांगून ठेवतो, मधे थांबू नकोस. आईनं हात उचलून पुरे म्हटलं तरी शेवटापर्यंत वाच, कारण कामाचं ते शेवटीच आहे. म्हातारा माणूस आहे मी, मुद्द्यावर यायला वेळ लागतो.

गेल्या महिन्यात औषधाच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढचा गृहस्थ कानाला फोन लावून दुसऱ्याच कुणाशी हसत होता. त्यानं काउंटरवर चिठ्ठी भिरकावली आणि पलीकडच्या मुलीकडे न बघता दोन बोटं हलवली, लवकर, लवकर. तिनं गोळ्या काढल्या, कुठली जेवणाआधी आणि कुठली नंतर ते दोनदा सांगितलं. तो पिशवी उचलून चालता झाला. मग ती त्याच्या पाठीकडे बघत मला म्हणाली, आजोबा, आभार मानले की बिल वाढतं असं वाटतं बघा लोकांना. मी चमकलो. तुझीच ती तिरपी मान, तुझाच तो टोमणा. मी सरळ विचारलं, तुझी आई कधी हॉटेलात कामाला होती का गं. तिचा हात थांबला. म्हणाली, तुम्ही मास्तर तर नाही?

माझं नाव तिला कसं ठाऊक ते तिनं सांगितलं. आठ महिने तू अंथरुणाला आहेस म्हणे. सगळ्यांना ओळखतेस, नीट बोलतेस, सुनेच्या चहाला नावंही ठेवतेस. पण रोज दुपारी दोनच्या सुमाराला दचकतेस, आले, आले म्हणत उठायला बघतेस, आणि मग हात जोडून कुणाची तरी माफी मागतेस. आणि म्हणतेस, मास्तर, खांदा बदला. लेकीला वाटतं तुझा खांदा दुखतो. बिचारी रोज दोन वाजता मलम चोळते. मला तिथे तिला काही सांगता आलं नाही, मागची माणसं खोकायला लागली होती. पण तू कशाची माफी मागतेस ते मला कळलं. आणि हेही कळलं की त्यातला अर्धा भाग तुला अजून ठाऊकच नाही. तो कळल्याशिवाय तुझी ती दुपार संपायची नाही.

पोरीसाठी आधीपासून सांगतो. आमचं हॉटेल बाजाराच्या तोंडाशी होतं. चौदा टेबलं, मधे दोन खांब, वर तीन पंखे आणि त्यातला एक कायम आजारी. मी हेड वेटर. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन गिऱ्हाइकांनी विसरलेल्या वर्तमानपत्रांवर झालं, त्यामुळे बऱ्याच बातम्यांचा शेवट मला सांडलेल्या चहाखाली शोधावा लागला. तरी नव्या माणसांना वागणं शिकवायचो म्हणून मास्तर. ताट ठेवताना आवाज नको, ग्लास वरून धरायचा नाही, बिल पालथं ठेवायचं, आणि गिऱ्हाईक खुर्चीतून उठेपर्यंत बक्षिसीकडे बघायचं नाही. बक्षिसीवरून माणूस कळतो असं मी छातीठोक सांगायचो. बशीखाली लपवून ठेवणारा लाजाळू. ठेवून झाल्यावर आपल्या तोंडाकडे बघणारा, त्याला सलाम विकत हवा असतो. दारापर्यंत जाऊन परत येऊन नाणं उचलणाराही एक होता, वस्ताद त्याला माहेरवाशीण म्हणायचे, निघता पाय निघत नाही म्हणून. आणि सगळ्यांत हलका कोण, तर चुटकी वाजवून बोलावणारा. तो आपल्याला माणसात धरत नाही. हे मी शिकवलं तुम्हाला. तू स्वतःहून शिकली नव्हतीस.

मालकांचा नियम होता, गिऱ्हाइकाला उलट बोलायचं नाही. एकदा एकानं सूप गार आहे म्हणून वाटी माझ्या अंगावर ओतली आणि मालकांनी मलाच त्याची माफी मागायला लावली. त्याच दिवशी मी ‘गैरहजेरी’ नावाची शिक्षा शोधून काढली. माझं पांढरं फडकं नेहमी डाव्या खांद्यावर असायचं. ते उजव्या खांद्यावर टाकून मी ज्या टेबलाकडे पाठ करीन, ते टेबल हॉलमध्ये नाही असं सगळ्यांनी समजायचं. त्याच्यावरून नजर सरळ पुढे न्यायची, हाक कानावर घ्यायची नाही. पंधरा मिनिटं. मग मी फडकं परत डावीकडे घेणार आणि कुणीतरी हसत जाऊन म्हणणार, माफ करा साहेब, आज गर्दी फार. खांदा बदलायचा तो फक्त मास्तरांनी, हा पक्का नियम. ज्यांना दिवसभर अपमान गिळायचा असतो त्यांच्याकडे एवढंच एक हत्यार, असं मला वाटायचं. आम्ही मागे जाऊन पोट धरून हसायचो. गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत कळायचं नाही की गर्दी होती की आपणच नव्हतो.

त्या दिवशी सकाळीच एका टोळक्यानं तुझ्या चालण्याची नक्कल केली होती आणि तू मोरीपाशी जाऊन तोंड धुऊन आली होतीस. माझं डोकं तेव्हापासूनच तापलेलं. दुपारी दोनला हॉल गच्च. खांबाजवळच्या नऊ नंबरवर पन्नाशीचा एकटा गृहस्थ, नवा चेहरा, आणि एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर. मीच म्हटलं, साहेबांना थंडी वाजतेय, पंखा तरी बंद करा कुणी. सगळे हसले. त्यानं चुटकी वाजवली. मग दुसरी, तिसरी. तुझ्या हातांवर चार ताटं होती. जाता जाता मला म्हणालीस, मास्तर, नऊ नंबर चुटक्या वाजवतोय. बस, एवढंच. ती तक्रारसुद्धा नव्हती, नुसती खबर होती. मी नऊ नंबरकडे पाठ केली आणि फडकं उजव्या खांद्यावर टाकलं.

चुटक्या वाजत राहिल्या. मग ग्लासावर चमचा वाजला. मग काहीच वाजलं नाही, आणि तो माणूस टेबलावर कलंडला. डॉक्टर आले, म्हणाले हृदय. लवकर कळलं असतं तर वाचले असते का, यावर त्यांनी नुसती मान हलवली, आणि ती हो होती की नाही ते मी अजून ठरवतोय.

आठवड्यानं त्यांची बायको आली. तिच्याकडून कळलं की गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. त्यानंतर घराबाहेर एकट्यानं जेवायची ती त्यांची पहिलीच वेळ. मालक तिला म्हणाले, शांतपणे गेले हो, शेजारच्या टेबलालाही कळलं नाही. तिनं विचारलं, त्या टेबलाकडे कोण बघतं. मी पुढे झालो. तिनं माझ्या हातात पाकीट ठेवलं. हे बक्षिसी ठेवल्याशिवाय कधी उठत नसत, म्हणाली, त्या दिवशी राहिली असेल, ती तुम्ही घ्या. आणि मी ते घेतलं, घाईबाई. दोन्ही हातांनी, मान लववून, जसं तुम्हाला शिकवलं होतं तसं. तू दारात उभी राहून बघत होतीस. तू कमरेचा एप्रन सोडलास, घडी करून खुर्चीवर ठेवलास आणि निघून गेलीस. राहिलेल्या पगारालाही फिरकली नाहीस. ते पाकीट मी सगळ्यांच्या बक्षिसीच्या बरणीत टाकलं. आठवडाभर त्या बरणीला कुणी हात लावला नाही, मग लावला.

मला वाटायचं तू माझा राग धरून गेलीस. आता लेकीकडून कळलं की तू सगळं स्वतःवर घेऊन गेलीस. तू खबर दिलीस म्हणून, तू जवळ असून बघितलं नाहीस म्हणून. तर आता ऐक.

मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं की चुटकीशिवाय त्यानं काही खूणच केली नाही, आपल्याला कळणार कसं. ते खोटं होतं. काउंटरच्या मागे आरसा होता. पाठ करून मी त्यातून नऊ नंबरच बघत होतो. शिक्षा द्यायची आणि ती लागताना बघायची, याची मला चटक होती. त्या माणसानं खिशातून एक कार्ड काढलं आणि हात उंच करून ते एकेकाकडे फिरवलं. मला वाटलं, कुणी बडा असामी आहे, हुद्दा दाखवून धाक घालतोय. मी आणखी चिडलो. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, पंचवीस झाली. मी फडकं हलवलं नाही. तू दोनदा माझ्या खांद्याकडे बघितलंस. दोन्ही वेळा तुझे डोळे मला आरशात दिसले. मास्तर, बदला आता, असं ते म्हणत होते, आणि मी मान खाली घालून बिल लिहीत राहिलो. म्हणजे तू सांगितलं होतंस. ऐकलं नाही ते मी.

कार्ड मला नंतर खुर्चीखाली मिळालं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘नमस्कार. माझा आवाज गेलेला आहे. मी चुटकी वाजवून बोलावतो, कृपया राग मानू नये. आभारी आहे.’ मी ते खिशात घातलं आणि एकतीस वर्षं कुणाला दाखवलं नाही. तेव्हापासून मला आरशाचं वावडं आहे. दाढी सुनेच्या पावडरीच्या डबीतल्या इवल्या आरशात करतो, ज्यात फक्त हनुवटी मावते. मोठ्या आरशात माझ्या मागे कुणीतरी हात उंच करून बसलेलं असतं. रागावलेलं नसतं, हीच पंचाईत. मुलगा हौसेनं हॉटेलात नेतो तेव्हा घरातले मला हसतात, कारण कुठल्याही टेबलावर हात वर झाला की मी घास टाकून उभा राहतो.

कार्डाच्या मागे पत्ता होता. तुझ्या लेकीला भेटल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. पाकीट देणाऱ्या बाई अजून त्याच घरात आहेत, ऐंशीच्या पुढे, काठी घेऊन दार उघडायला स्वतः येतात. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं, आरशासकट, आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. अक्षर बाईंचंच निघालं. त्या मला बसा म्हणाल्या नाहीत. मला माफही केलं नाही आणि मीही तसं काही मागितलं नाही. एवढंच विचारलं, मग शेवटी त्यांच्याजवळ गेलं कोण? मी म्हटलं, एक मुलगी होती आमच्यात. माझं फडकं उजव्याच खांद्यावर होतं आणि तिनं मला न विचारता भरलेला ट्रे होता तसा खाली टाकला. धावली, मफलर सैल केला, पाणी ओठांना लावलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून बसली. त्यांची बोटं तेव्हा हलत होती. डॉक्टर येईपर्यंत तिनं तो हात सोडला नाही. चौदा टेबलांच्या त्या हॉलात हुकूम मोडणारी ती एकटीच, पण तिला तेवढा उशीरच काय तो आठवतो. बाईंनी कार्ड पदराखाली घेतलं. म्हणाल्या, कुणालाही कळलं नाही असं मालक म्हणाले होते, तेव्हापासून मी हेच धरून बसले की ते एकटे गेले. त्या मुलीला कळवा, म्हणाल्या, की तिनं माझी माफी मागायची नाही. मला तिचे आभार मानायचेत आणि मला आता जिना उतरवत नाही, तेव्हा तुम्ही लिहा. म्हणून लिहिलं.

तुझाच,
मास्तर