लिंडसे आला की अंधार

प्रिय ग्वेनमावशी,

आधी तुझ्या नव्या गुडघ्याला नमस्कार, मग तुला. गुडघा वाकतो का, वाकला तर परत सरळ होतो का, आणि शेजारच्या खाटेवरची बाई अजून झोपेत कुत्र्याला हाका मारते का, ते सगळं कळव. इकडे घर ठीक आहे. कोंबड्या चार होत्या, चारच आहेत (मधे एक दिवस तीन होत्या, पण चौथी पोस्टातल्या बाईंच्या गाडीखाली सापडली, जिवंत). टोमॅटोंबद्दल विचारू नकोस.

तर नाटकाचा रविवारचा दुपारचा खेळ झाला. आधी शेवट सांगून टाकतो, म्हणजे तुझं रक्त खवळायचं नाही: हॉल उभा आहे, दिवे शाबूत आहेत, लिंडसेच्या आईने लिंडसेला पाहिलं. हुश्श. हे वाक्य लिहिताना मी पेन खाली ठेवून एक लांब श्वास घेतला.

आता मुळापासून. जाण्यापूर्वी तू मला दोन दुपारी शिकवलंस की ही वीतभर पेटी, हिच्यावर आठ फेडर, वर तेवढेच नॉब, खाली बटणं. पेटी लॅपटॉपला जोडायची, लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर दिव्यांना हुकूम सोडतं. फेडर वर सरकवला की दिवा उजळतो, खाली ओढला की मंदावतो. ही मिडी पेटी खरं म्हणजे गाणी बनवणाऱ्या पोरांची, पण दिवे चालवायचं खरं यंत्र आपल्या नाटकमंडळाच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून तू अकरा वर्षं हिच्यावर भागवलंस. इथवर मला पाठ आहे. पुढचं सांगत होतीस तेव्हा खिडकीबाहेर जेटीवर एक पेलिकन कुणाचातरी जेवणाचा डबा उघडत होता, आणि खरं सांगतो मावशी, त्याने तो उघडला. झाकणाला खिट्टी होती!

असो. तालमीत सगळं सुरळीत झालं, आणि तिथेच माझं बिनसलं, कारण सुरळीत चाललेली गोष्ट मला बघवत नाही (म्हणूनच मी द्राक्षाचे मळे, कोळंबीची बोट आणि ते गालिच्यांचं दुकान सोडलं, हे तू सगळ्यांना सांगतेसच). रविवारी सकाळी मला वाटलं, सगळे दिवे एका फटक्यात घालवायचं बटण कोपऱ्यात का? मधल्या मोठ्या बटणावर आणू. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये 'लर्न' आहे. ते दाबलं की लॅपटॉप कान टवकारून बसतो आणि जे पहिलं दाबलं जाईल ते त्या कामाचं बटण म्हणून डोक्यात घेतो. मी 'लर्न' दाबलं, मग जांभई दिली, पडद्यावर हिरवी खूण आली, आणि मी सॉसेज रोल खायला गेलो. बटण दाबून पाहिलं नाही. जांभई आणि हिरवी खूण यांच्यामध्ये मी काही दाबलं होतं का, हा प्रश्नही पडला नाही.

दुपारी दोनला हॉल गच्च. खिडक्यांवर फुटबॉल क्लबची घोंगडी टाकून मिट्ट अंधार केलेला. पहिल्या रांगेत ओल्गाआजी, लिंडसे ट्रॉटरची आई, वय एक्याण्णव, तीन तास गाडीत बसून आलेली. लिंडसेचं तुला माहीतच आहे. चौदा वर्षं मंडळात, आणि चौदा वर्षं मागे उभा. यंदा कुठे खलनायक मिळाला, तर फेब्रुवारीपासून स्वतःची मिशी वाढवून तिला मेण लावून टोकं वर वळवलेली. कालवं काढायला पाण्यात उतरतानाही ती ओली होऊ देत नव्हता, असं त्याची बायको सांगते. आजीची नजर आता फार राहिलेली नाही. पुढच्या वर्षी दिसेल न दिसेल, म्हणून यंदाच आणली.

आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. खलनायक आला की व्हर्नाकाकू पियानोचा सगळ्यात खालचा सूर एकदा ठोकतात, गेला की पुन्हा एकदा, आणि मधल्या वेळात लोकांनी हूऽऽ करून हॉल डोक्यावर घ्यायचा. तर लिंडसे आला. व्हर्नाकाकूंनी धूंऽऽ केलं. आणि दिवे गेले.

मी आठही फेडर वर ढकलले. काही नाही. सगळे नॉब फिरवले, पेटी उचलून खाली पाहिलं. अंधारात लिंडसे आपला गडगडाटी हसतोय, नायिकेला धमक्या देतोय, खुर्चीला ठेचकाळतोय. तो गेला, धूंऽऽ झालं, दिवे आले. पहिल्या अंकात तो तीनदा आला, तीनदा अंधार झाला, आणि बाकी सगळे लख्ख उजेडात. लोकांना वाटलं असंच बसवलंय. ओल्गाआजी तर रंगातच आल्या. अंधाराकडे काठी रोखून ओरडत होत्या, "अरे त्या मेल्याला बाहेर काढा कुणीतरी!"

मध्यंतरात लिंडसे माझ्यापाशी आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ब्रॉडी, लेका," तो म्हणाला, "मी झाड झालो, पोलीस झालो, घोड्याचा मागचा अर्धा भाग झालो. आज माणूस झालो, आणि आई विचारतेय, तू कधी येणार?"

मी तडक व्हर्नाकाकूंकडे गेलो आणि म्हटलं, निदान तो सूर जरा हळू वाजवा, लिंडसे आधीच खचलाय.

"हळू?" काकू म्हणाल्या. "एकाहत्तर सालापासून मी तो असाच वाजवते." आणि वाजवून दाखवला. रंगमंचावरचे दिवे गेले. "कळलं?" म्हणून परत वाजवला. दिवे आले. त्यांचं लक्षही नव्हतं.

मावशी, लग्नाच्या प्रवेशाला ऑर्गनचा आवाज हवा म्हणून त्यांचा इलेक्ट्रिक पियानो त्याच लॅपटॉपला मीच जोडला होता. लॅपटॉपला पियानोची पट्टी काय आणि पेटीचं बटण काय, सारखंच. सकाळी मी जांभई देत असताना काकू सगळ्यात खालच्या सुरापासून बोटं मोकळी करत होत्या, आणि लॅपटॉप माझ्याऐवजी त्यांच्याकडून शिकला.

"काकू, एक मिनिट हात मांडीवर ठेवता का?"

"मांडीवर? आणि करू काय?"

त्या बाईंची बोटं पट्ट्यांवरून उचलणं माणसाचं काम नाही. शेवटी एका हातात चहाचा कप दिला, दुसऱ्यात लॅमिंग्टन केक (वर खोबरं होतं, त्यामुळे त्यांना दोन्ही हात जपावे लागले), आणि तेवढ्यात मी 'लर्न' दाबून माझं बटण दाबलं. हिरवी खूण. या वेळी तीनदा दाबून पाहिलं. तीनदा!

दुसरा अंक. लिंडसे आला, धूंऽऽ झालं, आणि दिवे जागच्या जागी. सगळा हॉल हूऽऽ करायला लागला. ओल्गाआजी मात्र उठून उभ्या राहिल्या. "अगंबाई, हा तर आमचा लिंडसे!" आणि टाळ्या वाजवायला लागल्या. एकट्या. लोक हूऽऽ करता करता थांबले. लिंडसे नायिकेला रुळाला बांधत होता, तो दोरी हातात घेऊन तसाच उभा, मेणाची मिशी थरथरतेय. मग आजींनी बसता बसता अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, "मिशी काढ मात्र!" त्यानंतरची टाळ्यांची दोन मिनिटं मी काही केलं नाही. एक फेडर वर करून त्याच्यावर थोडा जास्त उजेड टाकला, एवढंच.

तुझा भाचा,
ब्रॉडी

ता. क. – हे पत्र लिंडसेबरोबर पाठवतोय. बुधवारी तो कालवं घेऊन ॲडलेडला येतोय, तुला भेटेल. पाकिटाला चिकटपट्टी तीनपदरी लावली आहे, कारण दिवे वायरिंगमुळे गेले असं मी त्याला सांगितलंय. तुला विचारलं तर म्हण, जुना हॉल आहे.

ता. क. दुसरा – ओल्गाआजी परत गेलेल्या नाहीत. शनिवारचा खेळ पाहणार म्हणून मुक्काम वाढवलाय, पहिल्या अंकातला लिंडसे बघायला. आणि मावशी, रविवारपासून मी लॅपटॉप बंद केलेला नाही. तो तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडाच आहे, मी त्याच्या शेजारी दबकत चहा पितो. जे शिकलाय ते तो बंद केल्यावर विसरतो की काय, मला माहीत नाही. बाकी पत्र सावकाश वाच, पण हे वाचल्या वाचल्या लिंडसेला कळू न देता फोन करून सांग: 'सेव्ह' कुठे आहे?