भूमच्या स्टँडवर उतरलेल्या आक्कांस

तामलवाडी, रविवार सकाळ

तीर्थस्वरूप सारजाआक्कांस धाकट्या उत्तरेश्वरचा वाकून नमस्कार. कंबर कशी हाय हे विचारायला मला तोंड न्हाय, तरी विचारतो. दाजींनी दिलेला शेक लागू पडला का?

इकडं आई, बाळंतीण शिवकन्या आणि पोरगी खुशाल. पोरगी सव्वा महिन्याची झाली, पण अजून बिननावाचीच. बारशाला कानात नाव सांगायला आत्या लागते आणि तिला आत्या एकच. ती आत्या आणायला गेलेला बाप रिकामी गाडी घेऊन परत आला. पाव्हण्यांना मी सांगितलं, आक्कांचे गुडघे धरलेत. (गुडघे नव्हे, कंबर. आणि ती माझ्यामुळं धरली.) घुगऱ्या गल्लीत वाटून टाकल्या.

आक्का, माझंच चुकलं. ही क्रॉसओव्हर का काय म्हणतात ती गाडी, जीपसारखी उंच आणि आत साध्या कारएवढी. सोलापूर रोडला इतकी गुमान पळते की काटा शंभरावर गेलेला कळत न्हाय. इंजिन लहान, चढाला आधी जरा विचार करतं, मग एकदम उचलतं. स्टेअरिंग हलकं, वळणावर अंग कलत न्हाय. हे सगळं तुम्हाला दाखवायची मला लई हौस. म्हणून तुमचं गाव ईट सोडल्यावर एकही खड्डा चुकवला न्हाय. एवढी उंच गाडी घेऊन खड्डा चुकवायचा म्हणजे पैसे पाण्यात, अशी माझी समजूत. पहिल्या गतिरोधकाला तुमचं डोकं छताला लागलं, दुसऱ्याला लाडवांचा डबा. (डिंकाचे लाडू अजून सीटखाली सापडतात.) उत्तऱ्या, यापरीस बैलगाडी बरी, असं तुम्ही म्हणालात. आणि मी काय बोललो? तुम्हाला चांगल्या गाडीची सवय न्हाय, असं बोललो. मला कडेवर घेऊन शाळेत नेणाऱ्या बहिणीला. गाडीत बसलो की रोज ते आठवतं आणि फार वाईट वाटतं.

भूमला पाणी प्यायचं म्हणून तुम्ही उतरलात आणि ईटच्या एसटीत जाऊन बसलात. मी ईटच्या वेशीपर्यंत एसटीमागं आलो. तुम्ही एकदाही वळून बघितलं न्हाय. त्याच खड्ड्यांतून एसटी गेली आणि तुम्ही खिडकीत निवांत दिसलात, हे मला जास्त लागलं.

तुमचा चुकलेला भाऊ,
उत्तरेश्वर

ता. क. एक लपवलं होतं. तुम्हाला आणायला निघताना पंक्चरवाल्या हणमंतप्पाला मीच म्हणालो, आक्का येणार, संगं ज्वारीची पोती येणार, उसाच्या ट्रॉलीला भरतोस तशी कडक हवा भर. तो नको नको म्हणत होता. गाडीच्या दारावर कंपनीनंच कागद चिकटवलाय, हवा तेहतीस. मी पन्नास भरायला लावली, चाकं दगडागत टणक झाली. तवा दोष गाडीचा नव्हता, तुमच्या सवयीचाही नव्हता. आता तेहतीस हाय.

आणखी एक, हे ईटच्या वेशीत बसून लिहितोय. हे पत्र पोस्टानं येणार न्हाय. तुमच्या शेजारच्या तारामतीकाकूंच्या हाती आत पाठवतोय, दारात यायची हिंमत न्हाय. गाडी वेशीत उभी हाय. पुढं आई, मागं शिवकन्या, तिच्या मांडीवर पोरगी. एकेक खड्डा चुकवत आलो, सकाळी निघून दुपार झाली. पोरगी तामलवाडी सोडताना झोपली ती अजून उठली न्हाय. हाक मारून उठवावी तर नाव न्हाय. तेवढं घेऊन या.