मैंदर्गीच्या रस्त्यावरची गाठ

अप्पा, गेल्या महिन्यात आम्ही गाडीत तुमच्या नातीसाठी एक खुर्ची बसवली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात त्यानंतर पाच वर्षांनी ती झाली, आता सहाची आहे. बूस्टर म्हणतात त्या खुर्चीला. गाडीचा पट्टा मोठ्या माणसांच्या मापाचा असतो, लहान पोरांच्या तो मानेवर येतो, म्हणून पोराला जरा उंच बसवायचं, एवढंच तिचं काम. तुम्ही हसला असता. पण ती बसवताना मला मैंदर्गीच्या रस्त्यावरची तुमची गाठ आठवली. तिच्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेलीय आणि ती काही केल्या डोक्यातून जात नाही.

खुर्ची घ्यायला मी पोरीलाच दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "कशाला खर्च करताय ताई, चादर घडी करून ठेवा की खाली. लई झालं." सोलापुरात दुसरं काय सुचणार! खरं सांगते, घरी मी आधी तेच करून पाहिलं होतं, तेही तुम्ही विणलेली चादर घेऊन. पोरगी घडीवरून पुढं घसरली आणि पट्टा मांड्या सोडून पोटावर चढला. म्हणून दुकानाबाहेर गाडी लावून तीन खुर्च्या एकेक करून मागच्या सीटवर ठेवल्या, प्रत्येकीत तिला बसवून पाहिलं. गुलाबी तिला फार आवडली, पण तिच्यात पट्टा गळ्याला घासत होता. शेवटी उंच पाठीची करडी घेतली, तोंड फुगलं ते फुगलं. हिच्यात पट्टा खांद्याच्या मधोमध येतो आणि खालचा मांड्यांवर सपाट बसतो. खटका लावला आणि माझा तळवा आपसूक पट्ट्याखाली सरकला. माग सुरू करण्याआधी तुम्ही ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून हात फिरवायचात, अगदी तसाच. "ढिल्ला नको, तडतडता बी नको," म्हणायचात. मी कारखान्यात डबा घेऊन आले की मलाही हात लावू द्यायचात. बाकीच्या मागांचा खडखडाट एवढा असायचा की तुमचे शब्द मी ओठांवरूनच ओळखायची.

धागा तुटला की तुम्ही दोन बोटांत गाठ मारायचात, ती नंतर चादरीत शोधूनही सापडायची नाही. म्हणूनच तो दिवस तुम्हाला एवढा लागला असावा. मी आठ वर्षांची आहे. मैंदर्गीला आत्याकडं जेवण करून आपण दुपारी स्कूटरवरून निघतोय. जेवल्यावर मला पेंग येते, म्हणून तुम्ही मला पाठीशी बसवता, जुनी चादर दोघांच्या कमरेभोवती घेता, डाव्या कुशीला गाठ मारता आणि ओढून बघता. आत्याची पोरं कट्ट्यावर उभी आहेत. "गाठोडं निघालं की सोलापूरला!" एक जण ओरडतो, बाकीची खिदळतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. अक्कलकोट यायच्या आधीच मी पडले. डावा हात कोपरात मोडला. मला मांडीवर घेऊन तुम्ही रस्त्याच्या कडेला बसला होतात आणि चादरीची टोकं पुन्हा पुन्हा बघत होतात.

दवाखान्यात अम्मा सगळ्यांसमोर तुम्हाला बोलली. घरात आपण तेलुगू बोलायचो, पण चारचौघांत भांडायचं तर अम्माला मराठीच लागायची. "चादरी विणता, न् एक गाठ बसंना व्हय तुमाला?" तुम्ही खाली बघून म्हणालात, "माझीच गाठ ढिली पडली." त्यानंतर तुम्ही मला स्कूटरवर कधी बसवलं नाहीत, मैंदर्गीला जायचं तर एसटीनं. आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला दोन गाठी. डब्याच्या फडक्याला दोन, बिछान्याच्या वळकटीला दोन. माझ्या लग्नात दिलेलं चादरींचं गाठोडं सासरी शेवटी कात्रीनं कापावं लागलं. सासूबाई अजून हसत हसत सांगतात, मीही त्यांच्यासोबत हसते.

गाठ ढिली नव्हती, अप्पा. गाव मागं पडल्यावर ती मी सोडली. नखांनी उकरून उकरून सोडली, आणि तुमच्या पाठीला कळू नये म्हणून दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरून बसले. मग डोळा लागला.

तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात अंगणात उन्हाला बसलेले असताना तुम्ही माझं ते कोपर हातात घेतलंत. ते अजून पुरतं सरळ होत नाही. "त्या दिवशी दोन गाठी मारायला पायजे होत्या बघ," म्हणालात. आपण दोघंच होतो, सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. आणि मी काय म्हणावं? "असू द्या अप्पा, मी कधी मनात ठेवलं नाही." तुम्ही डोळे पुसलेत. मी तुम्हाला माफ केलं! त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

परवा रविवारी आम्ही मैंदर्गीलाच निघालो होतो. मागं पोरगी खुर्चीत, तिच्या शेजारी अम्मा, ती आता आमच्याकडंच असते. आरशात बघितलं तर पट्टा खांद्यावर होता, पण पोरीची मूठ कमरेपाशी आवळलेली. गाडी कडेला घेतली. तिनं खटका सोडून पट्टा हातात धरला होता. गल्लीतली मुलं तिला बाळ म्हणून चिडवतात म्हणे. "मी धरलाय की घट्ट!" ती म्हणाली. मी अशी ओरडले की ती रडायला लागली, मग मलाही रडू आवरेना. अम्मा म्हणाली, "पोरीवर कशाला वरडतीस? तुझ्या अप्पांची एक गाठ सुटली, तवापासनं घाबरट झालीस बघ." मी खटका लावला, पट्ट्याखालून तळवा फिरवला आणि गाडी पुढं काढली.

घरी आल्यावर पोरीला एकटीला सगळं सांगितलं. ती माझं कोपर दाबून बघत ऐकत होती. "मग तू तुझ्या अप्पांना सॉरी म्हणालीस?"

"नाही."

"म्हण की मग."

म्हणून हे लिहायला बसले. तुमची गाठ पक्की होती, अप्पा. एकच पुरेशी होती. बाहेर कट्ट्यावर अम्मा शेजारणीला परवाची हकिकत सांगतेय, आणि आता तुमच्या ढिल्या गाठीपाशी आलीय. मला इथं स्वच्छ ऐकू येतंय. उठून बाहेर जायला हवं. मी अजून इथंच बसून लिहितेय.