एका खिडकीचं विमान

४ मार्च, संध्याकाळ

प्रिय ठमे,

तुला आणि पोटातल्या पाहुण्याला भरभरून आशीर्वाद. जावईबापूंना सांग, स्वेटर झक्कास बसला. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो तरुणपणीही कुरकुरायचाच.

आता बातमी. आमचं आवाजाहून वेगवान विमान अखेर गुंडाळलं. कागदावर होतं, कागदावरच राहिलं. उडायला ते उडलं असतं गं. पण त्याचा धमाका खाली घराघरांत ऐकू जाणार, म्हणून वेग घ्यायचा तो फक्त समुद्रावर. इंधन ढोसणार दुप्पट, माणसं बसणार मूठभर आणि तिकीट परवडणार त्यांनाच, ज्यांना मुळात घाई नसते. विमान कंपन्यांनी तोंडभरून कौतुक केलं, मागणी एकीनेही नोंदवली नाही.

त्याचं मॉडेल मी घडवलेलं, हातभर लांब, सुईसारख्या नाकाचं. त्यावर वारा सोडून मोजमापं घेतात, म्हणून ते अगदी गुळगुळीत लागतं. खिडक्या नसतातच. मी मात्र पंखाच्या पुढे एक कोरली होती, बारीकशी. आकडे गडबडले. आमच्या मोठ्या बाईंनी भिंग लावून विचारलं, "काका, हा ओरखडा कसला?"

"माझी जागा आहे," म्हटलं.

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "घासून टाका." टाकली.

तू दर फोनवर विचारतेस, "बाबा, बाळंतपणाला येताय ना?" आणि मी म्हणतो, आमचं विमान उडू दे, चार तासांत दारात उभा राहतो. तुला ती थट्टा वाटते. खरं सांगू? मला भीती वाटते. जन्म विमानं घडवण्यात गेला, पण एकदाही विमानात बसलो नाही. चार तास डोळे मिटून काढले असते. साध्या विमानात रात्रभर कसे मिटू?

तुझी आई असती तर मला बखोटीला धरून घेऊन आली असती. ती नाही, म्हणून तू इतक्यांदा विचारतेस, हे मला कळतं. तुझी फार आठवण येते, ठमे.

आज बाईंनी मॉडेल माझ्या हातात ठेवलं. "आता आकड्यांची काळजी नाही. कोरा तुमची खिडकी." जेवणाच्या सुट्टीत कोरली आणि तसाच तिकीट काढायला गेलो. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, जागा कुठली देऊ?" आजोबा म्हणाली, त्याने जरा धीर आला.

खिडकीची मागितली. पुढच्या रविवारी पोचतो. मॉडेल आणतोय, पाळण्यावर टांगू. नाक टोकदार आहे, तेव्हा उंच टांगू. विमानतळावर माझा चेहरा बघून हसू नकोस.

साध्याच विमानाने, पण बाळाच्या आधी पोचणारा,
तुझा बाबा