पिवळ्या चौकोनातली बगळी

ता. ९, शनिवार, संध्याकाळ

सूनबाई,

आशीर्वाद घे. फुकटचे आहेत, घेताना हात आखडू नकोस. पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लिहितायत. अक्षर त्यांचं, तोंड माझं. नेहमी तुझी लेक लिहून देते, मग आज ती कुठे गेली, असं तुझ्या मनात येईल. ती सरावाला गेलीय. मी गुडघे दुखतात म्हणून घरी राहिले. गुडघ्यांचा हा एक उपयोग.

इकडे सगळं ठीक. तुझा नवरा बरा आहे. पोरगी जेवते-खाते. पाण्याची मोटर बिघडली होती, ती दुरुस्त झाली. फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण फोन त्याच्या खिशात, आणि मला कमी ऐकू येतं म्हणून तो तुला मोठ्या आवाजावर लावतो. मग मी आणि तू हवापाण्याचं बोलतो.

पोरगी बापाच्या कानापर्यंत आलीय. मी तिला बगळी म्हणते. ही उंची तुझ्या माहेरची. आमच्याकडे सगळे पाटासारखे, बसले काय नि उभे राहिले काय.

तू नोकरीसाठी परगावी गेलीस तेव्हा बास्केटबॉल म्हणजे टोपलीत चेंडू टाकायचा, एवढंच मला ठाऊक होतं. आता रोज संध्याकाळी तिच्यासोबत क्लबात जाते, भिंतीलगतच्या बाकावर बसते. खेळ कळायला लागलाय. कळू नये तेवढा कळलाय.

तुझा नवराच त्यांचा कोच, त्याची शिकवायची पद्धत ऐक. टोपलीच्या बोर्डाखाली जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावून त्याने चौकोन आखलाय. बगळीने त्यात उभं राहायचं. बाकीच्या पोरी चेंडू वरून देतात, ही झेलते, वळते, टाकते. चेंडू खाली आणायचा नाही, टप्पा मारायचा नाही. मारलाच, तर शिक्षा हिला नाही. बाकी सगळ्यांनी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं आणि हिने चौकोनातून बघायचं. त्यामुळे त्याला आता ओरडावंच लागत नाही. पोरीच ओरडतात, "ए बाई, टप्पा नको!" काय डोकं! माझाच ना तो. लहानपणी काच फोडून मांजरीकडे बोट दाखवायचा.

जिंकतात मात्र. चौदा वर्षांखालच्या पोरींत हिच्या हाताला कुणाचा हात पुरत नाही.

एकदा तो शर्टाला इस्त्री करत होता तेव्हा मी विषय काढला.

"अरे, त्या सगळ्या वाढताहेत. उद्या त्या हिच्याएवढ्या झाल्या की हिला काय येत असेल? हात वर करणं?"

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

"नाही कळत. पण पलीकडच्या शाळेच्या बाई प्रत्येक पोरीला प्रत्येक जागी खेळवतात."

"आणि हरतात."

"हरतात. पण घरी जाताना पोरी खिदळत जातात. तुझ्या जिंकून येतात आणि तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी."

"उद्याचं मी काय करू? क्लबला या वर्षी ट्रॉफी हवीय. नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा कोच."

हे त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. इस्त्री तशीच शर्टावर राहिली. बाहीवर डाग पडलाय. त्यालाही कुणीतरी उभं करून ठेवलंय.

आता एक गंमत सांगते. दुपारी तो क्लबात असतो तेव्हा आमच्या दाराबाहेरच्या बोळात सामना रंगतो. मी काठी आडवी धरून मधोमध. ती टप्पे मारत येते, डावीकडे जाते असं भासवते, मी काठी डावीकडे नेते, की ही बया उजवीकडून पसार!

"आजी, पाय हलव ना!"

"हलवता आले असते तर तुझ्या बापाला नसतं धरलं?"

अशी हसते, सूनबाई, की शिंपीणबाई मशीन थांबवून वर बघायला येतात. विचार त्यांना. त्या मान डोलावतायत, तेही लिहा म्हटलं.

गेल्या रविवारी सेमीफायनल झाली. समोरच्या पोरींनी आमच्या लहानखुऱ्या पोरींना दोघी-दोघींनी घेरलं. चेंडू पुढे येईचना. बगळी वाट बघत होती. मग तिने चौकोन सोडला, मागे गेली, चेंडू घेतला आणि निघाली. एकीला डावीकडून, दुसरीला उजवीकडून, थेट बोर्डापर्यंत, आणि चेंडू आत! मी उभी राहून ओरडले, "अगं माझी बगळी!" अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

त्याने तिला लगेच बाहेर बसवलं. कसेबसे जिंकलो. दुसऱ्या दिवशी त्या टप्प्यांबद्दल सगळ्या पोरींना पळवलं. एक ओकली. आता हिच्या शेजारी कुणी बसत नाही. पाण्याची बाटली मागितली तर एकीने झाकण लावून पिशवीत ठेवली.

शिंपीणबाई, वर "पोरगी जेवते-खाते" लिहिलंय ना? राहू द्या, खोडू नका. मी कुठे खोटं बोलले ते सूनबाईला दिसू दे.

ती जेवत नाही. दोन घास खाते, बाकीचं चिवडते, मी पाठ वळवली की उचलून ठेवते. मी म्हटलं, माझ्या हाताची चव गेली असेल, म्हातारीचं काय. मग एके दिवशी केस विंचरताना विचारते, "आजी, कमी खाल्लं तर उंची थांबते ना?" मी हसले. आरशात बघितलं, ती हसत नव्हती. फायनलसाठी नवी चड्डी शिवायला माप द्यायला गेली, तर शिंपीणबाईंनी मला हळूच बोलावून घेतलं. म्हणाल्या, मागच्या मापाची चड्डी कमरेवर ठरतच नाही. वाढत्या वयात माप आत कसं जातं?

त्याला सांगितलं. म्हणाला, "फायनलचं टेन्शन आहे, होईल ठीक." आणि वर, "आई, तुझं ऐकते ती. सांग, चौकोन सोडायचा नाही." मी मान हलवली. तिला ते सांगवत नाही, त्याला नाही म्हणवत नाही. आणि या दोन खोल्यांत त्या दोघांच्या मधून मला निघताही येत नाही.

सीझन संपला की तिला तुझ्याकडे पाठवतो, असं तो तुला सांगतो. गेल्या वर्षीही संपला होता. एकाची शेपटी धरून दुसरा उभाच असतो.

म्हणून तू ये. फायनल चोवीस तारखेला, रविवारी आहे. तू आदल्या शुक्रवारीच ये, सकाळी, तो क्लबात गेला की. त्याला कळवू नकोस. तिचे कपडे मी काढून ठेवते. खेळ सोडवू नकोस तिचा. तुझ्या गावात कुणी टप्पे मारू देणारं असेल, तिथे घाल. आधी डॉक्टरांना दाखव.

ती नसली तर हे हरतील, एवढं मला बाकावरून कळतं. त्याची नोकरीही जाईल. तो विचारेल, "कुणी बोलावलं तिला?" तेव्हा मला ऐकू येईल. "मी," म्हणेन. मग तो बोलेल न बोलेल, मी इथेच आहे. मला कुठे जायचंय?

आल्यावर माझ्याशी गोड बोलायचं नाही. आपलं कधी पटलं नाही, या वयात मला नवी सवय लावू नकोस. पण निघायच्या आधी जेवायला बस. तिला मधे बसव.

तुझी सासू,
आणि हे सगळं सांगून झाल्यावरही, त्याची आई